पंख्यावरचे दोन आकडे

यांत्रिक होडीच्या पंख्याच्या तुंब्यावर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाला असतो तसल्या मधल्या जाड भागावर, दोन आकडे ठोकलेले असतात. समजा, २४ बाय १६. पहिला आकडा पंख्याचा व्यास, दुसरा त्याचा पिच, दोन्ही इंचांत. (पुस्तकात त्याला प्रोपेलर म्हणा नाहीतर प्रणोदक म्हणा, बंदरावर तो पंखाच.) हे आकडे मी कितीतरी वर्षं नुसते पाहत आलो होतो. ते तिथे पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली आणि त्या शंभर वर्षांत बऱ्याच जणांचे पैसे पाण्यात गेले (अगदी शब्दशः!), हे अलीकडे जुन्या जहाजांविषयी वाचताना कळलं. ते कुणाला तरी सांगावं म्हणून हे टिपण.

निमित्त साधंच झालं. ओळखीतल्या एका नाखवाच्या होडीचा पंखा खडकावर आपटला आणि एका पात्याचं टोक गेलं. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा जे काही करायचं ते त्या दोन महिन्यांत, होडी वर ओढलेली असतानाच. नव्या ब्राँझच्या पंख्याची किंमत ऐकून तो गप्प बसला. भंगारवाल्याकडे जुना एक होता, दिसायला बरा. दुसऱ्या होडीवरून उतरवलेला आणखी एक मिळत होता, पण व्यासाला दोन इंच कमी. आणि तिसरा मार्ग म्हणजे आहे तोच दुरुस्त करून घेणं. या तिघांत स्वस्त कुठला?

प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण गंमत म्हणजे जहाजाच्या पंख्याचा अख्खा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. पंखा लावायचा, तो कमी पडायचा, मग दुसरा लावून बघायचा. तर तिथूनच सुरुवात करू.

आपल्याकडची पहिली मोठी आगबोट म्हणून 'ह्यू लिंडसे'चं नाव घेतात. ती मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि १८३० साली मुंबईहून सुएझला गेली. तिला पंखा नव्हता, दोन बाजूंना दोन मोठी चाकं होती. त्या काळच्या आगबोटी सगळ्या अशाच. शांत नदीत हे चाक उत्तम चालायचं. समुद्रात मात्र जहाज एका कुशीवर कललं की एका बाजूचं चाक हवेत गरगरायचं आणि दुसरं खोल बुडायचं. निघताना कोळशाच्या ओझ्याने चाकं जास्त बुडलेली, आणि पोचेपर्यंत कोळसा संपून ती वर आलेली. युद्धनौकेच्या बाबतीत तर तोफेच्या एका गोळ्यात चाक निकामी व्हायचं. चाक नको हे अनेकांना कळत होतं. त्या जागी काय, हे ठरत नव्हतं.

फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळ हेंडनला शेती करणारा माणूस. लहानपणापासून खेळण्यातल्या होड्या करायचा नाद. मोठेपणीही तो गेला नाही. त्याने तळ्यात एक छोटी होडी स्क्रूवर चालवून पाहिली आणि १८३६च्या मे महिन्यात पेटंट घेतलं. जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरने त्यानंतर काही आठवड्यांतच आपलं वेगळं पेटंट घेतलं, म्हणजे कल्पना हवेतच होती म्हणायची. स्मिथने सहा टनांची एक होडी बांधली, तिच्यात सहा अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि मागे लाकडाचा स्क्रू लावला. आजच्यासारखी सुटी पाती त्याला नव्हती. बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्रासारखे पूर्ण दोन वेढे होते. वेढे जास्त, तर पाण्यावरची पकड जास्त, असा त्याचा हिशोब. ऐकणाऱ्या कुणालाही तो पटला असता.

१८३७च्या फेब्रुवारीत पॅडिंग्टनच्या कालव्यात हा स्क्रू कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. दोन वेढ्यांपैकी एक उरला. आता होडी ओढत न्यावी लागणार असं वाटत असतानाच ती पुढे झेपावली. आधी ताशी चार मैलांच्या आसपास जाणारी होडी आता आठाच्या आसपास जाऊ लागली. वेग दुप्पट!

कारण आज सांगता येतं. पहिल्या वेढ्याने पाणी मागे ढकललेलं असतं. त्या आधीच मागे पळणाऱ्या पाण्याला दुसरा वेढा फारसं आणखी ढकलू शकत नाही, तो फक्त घासत राहतो, आणि त्या घासण्यात इंजिनाची ताकद खर्च होते. स्मिथला हे गणित ठाऊक नव्हतं, पण डोळ्यांसमोर घडलेलं त्याने नाकारलं नाही. त्याने पेटंटात बदल केला, नवा आखूड स्क्रू लावला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती एवढीशी होडी घेऊन थेट समुद्रात गेला, लंडनहून केंटच्या किनाऱ्याने हाइथपर्यंत.

हा प्रसंग मला राहून राहून आठवतो. त्याच्या सगळ्या प्रयोगांत फुकट झालेला प्रयोग बहुधा हा एकच. पुढचे सगळे पैशांचे.

नौदलाला पटवायला मोठं जहाज हवं, म्हणून एक कंपनी उभी राहिली आणि १८३८ साली 'आर्किमिडीज' पाण्यात उतरली. तिच्यावरही स्क्रूचे आकार बदलत गेले. तिने १८४० साली ब्रिटनच्या बेटाला पूर्ण फेरी मारली आणि बंदराबंदरात लोकांना आत बोलावून हे प्रकरण दाखवलं. ब्रिस्टलला ब्रुनेल त्या वेळी 'ग्रेट ब्रिटन' हे प्रचंड लोखंडी जहाज बांधत होता, चाकांचं. त्याने 'आर्किमिडीज' काही महिने मागून घेतली, तिला निरनिराळे पंखे लावून पाहिले, आणि डिसेंबर १८४० मध्ये आपल्या संचालकांकडून चाकं रद्द करवली. अर्धवट झालेलं इंजिनाचं कामसुद्धा थांबवलं. केवढं धाडस!

पण धाडसाचीही किंमत असते. 'ग्रेट ब्रिटन'ला लावलेला पहिला पंखा सुमारे १६ फूट व्यासाचा, सहा पात्यांचा, पवनचक्कीसारखा दिसणारा. १८४५च्या जुलैत ती लिव्हरपूलहून निघाली आणि १४ दिवस २१ तासांत न्यूयॉर्कला पोचली. दुसऱ्याच सफरीत पाती मोडायला लागली. न्यूयॉर्कमध्ये डागडुजी झाली, परतीच्या वाटेवर पंखा पुन्हा गेला आणि जगातलं सगळ्यांत आधुनिक जहाज शिडांच्या भरवशावर वीस दिवसांनी घरी आलं. त्या हिवाळ्यात तिला बदली पंखा बसवला, तो ओतीव, चार पात्यांचा, दणकट. कागदावर सहा पाती छान होती. समुद्राला ती पटली नाहीत.

(जाता जाता. याच 'ग्रेट ब्रिटन'मधून १८५७च्या अखेरीस सतराव्या लान्सर्सचे स्वार मुंबईला आले, आणि पुढच्या वर्षी तात्या टोप्यांच्या पाठलागावर जे सैन्य निघालं त्यात हे स्वार होते. तोवर जहाजाचं इंजिनही बदललेलं होतं. पण स्क्रू हवा की चाक, या वादाशी आपला काय संबंध, असं वाटत असेल तर तो असा आहे. वाऱ्याची वाट न पाहता सैन्य हलवण्याची सोय या यंत्राने झाली.)

ब्रिटिश नौदल सावध होतं, आणि त्याच्याकडे पैसाही होता. 'रॅटलर' हे जहाज १८४३ साली तयार झाल्यावर त्यांनी पुढचं वर्ष-सव्वा वर्ष तिच्यावर तीसेक निरनिराळे पंखे लावून पाहिले. लांब, आखूड, दोन पात्यांचे, तीन पात्यांचे, निरनिराळ्या पेटंटांचे. स्क्रूची लांबी कापत कापत कमी केली, तसा निकाल सुधारत गेला. म्हणजे पॅडिंग्टनच्या कालव्यात अपघाताने जे कळलं तेच इथे मोजून मापून कळलं. शेवटी स्मिथचा दोन पात्यांचा आखूड पंखा निवडला गेला. मग एप्रिल १८४५ मध्ये 'रॅटलर' आणि चाकांचं 'अलेक्टो' यांची शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच झाली आणि 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलटं ओढत नेलं. इतिहासाच्या पुस्तकांत चित्र असतं ते या रस्सीखेचीचं. मला विचाराल तर खरं काम त्याआधीच्या वर्षात झालं होतं, गोदीत, पंखे काढता घालताना.

आणि स्मिथ? कंपनी तोट्यात गेली. पेटंटाची मुदत १८५६ साली संपली. तोपर्यंत जगभर जहाजांना पंखे लागत होते, पण त्याच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. तो गर्न्सी बेटावर पुन्हा शेतीकडे वळला. पुढे १८६० साली लंडनच्या पेटंट संग्रहालयात त्याला नोकरी मिळाली, १८७१ साली 'सर' झाला, १८७४ साली वारला. ज्याच्या पहिल्या प्रयोगांवर बाकीच्यांनी पुढचं काम उभं केलं, त्याला उतारवयात नोकरी धरावी लागली. असो.

पंख्याने चाकाला हरवलं म्हणजे प्रश्न सुटला असं झालं नाही. इंजिनं जोरदार होत गेली आणि नवीच अडचण आली. १८९४ साली 'डेअरिंग' या विनाशिकेकडून ताशी २७ सागरी मैलांची अपेक्षा होती, ती चोविसाच्या आसपास अडली. वाफ वाढवा, फेऱ्या वाढवा, वेग वाढत नाही. पंखा जणू पाणी सोडून भलत्याच कशात फिरत होता. खरंच तसं होतं. पातं फार जोराने पाणी ढकलायला लागलं की त्याच्या पाठीकडचा दाब इतका उतरतो की थंड पाणी तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पकड सुटते. शिवाय ते बुडबुडे फुटताना धातूला कीड लागल्यासारखे खड्डे पाडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. 'डेअरिंग'ला जवळपास दीडपट रुंद पात्यांचे पंखे लावले, आणि तेच जहाज त्याच इंजिनावर अठ्ठावीसच्या पुढे गेलं.

चार्ल्स पार्सन्सचीही तीच गत. त्याची 'टर्बिनिया' १८९४ साली पाण्यात उतरली, टर्बाइनवर चालणारी पहिली बोट. टर्बाइन इतकं वेगाने फिरायचं की एकुलता एक पंखा पाण्यात नुसतं भोक पाडायचा. पंख्यांमागून पंखे बदलले तरी वेग विसाला लागेना. तेव्हा त्याने काचेच्या खिडकीचं एक छोटं भांडं केलं, त्यात दोन इंचांचा पंखा फिरवला, आणि फिरत्या आरशाने प्रकाश असा टाकला की पंखा स्थिर दिसावा आणि बुडबुडे नजरेला पडावेत. कारण दिसल्यावर उपाय सापडला. एका शाफ्टऐवजी तीन, आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ छोटे पंखे. २६ जून १८९७ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात ही बोट सगळ्यांच्या देखत चौतीस सागरी मैलांच्या वेगाने पळाली आणि तिला पकडायला गेलेल्या गस्तीच्या बोटी मागेच राहिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात येते. स्मिथने अख्खी होडी वापरून प्रयोग केला, नौदलाने अख्खं जहाज. पार्सन्सने दोन इंचांचा पंखा आणि एक भांडं वापरलं. प्रयोग स्वस्त होत चालला होता. त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनची चाचणी-टाकी. १९३२ साली सुरू झालेल्या या संस्थेत छोट्या नमुन्याच्या पंख्यांची एक मालिकाच तपासली गेली. दोन पात्यांपासून सात पात्यांपर्यंत, पिच थोडा थोडा बदलत, पात्यांची रुंदी थोडी थोडी बदलत, वर्षानुवर्षं, शंभराहून जास्त नमुने. आणि मुख्य म्हणजे त्यांचे आलेख छापून मोकळे केले. ते आलेख ज्याच्या टेबलावर आहेत त्याला तीस पंखे विकत घेऊन लावून बघायची गरज उरली नाही. इंजिनाची ताकद, शाफ्टच्या फेऱ्या आणि होडीचा वेग एवढं ठाऊक असेल तर आलेखावर बोट ठेवून व्यास आणि पिच काढता येतो.

तुंब्यावरचे दोन आकडे ते हे!

पिच म्हणजे काय, तर पंखा लोण्यात फिरतोय अशी कल्पना केली तर एका फेरीत तो जितका पुढे जाईल ते अंतर. १६ इंच पिच, इंजिनाच्या मिनिटाला १८०० फेऱ्या, गिअरबॉक्स दोनास एक, म्हणजे पंख्याच्या ९००. हिशोब केला तर होडी ताशी जवळजवळ १२ सागरी मैल जायला हवी. जाते आठ. मधला एक तृतीयांश पाणी सरकतं म्हणून जातो. एवढी घसर कामाच्या होडीला असतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता नाखवाच्या तीन पर्यायांकडे येऊ. दोन इंच कमी व्यासाचा पंखा त्याला फुकटात पडत होता. पण जाळं ओढणाऱ्या होडीला हळू चालीत जोर हवा, आणि तो मोठ्या व्यासाने मिळतो. छोटा पंखा तेवढाच जोर काढायला जास्त फिरवायचा, म्हणजे 'डेअरिंग'चं दुखणं घरी आणायचं आणि वर डिझेल जास्त जाळायचं. तो बाद. भंगारातला जुना पंखा मापाने बरोबर होता. फिरण्याची दिशा, शाफ्टचा निमुळतेपणा, चावीची खाच, तेही जुळत होतं. कानशीने थोडं घासल्यावर मात्र आतून धातू पिवळा न दिसता तांबूस दिसला. मँगनीज ब्राँझ हे नावाला ब्राँझ, खरं तर ते पितळच. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, आणि तांब्याची ठिसूळ जाळी तेवढी मागे राहते. हातोडीने हलकं वाजवलं तर चांगला पंखा घंटेसारखा वाजतो, हा भद्द वाजला. तोही बाद.

राहिला त्याचा स्वतःचा. टोक भरून घ्यायचं, तिन्ही पात्यांचा पिच एकसारखा करून घ्यायचा आणि तोल तपासायचा. पाती एकमेकांशी जुळली नाहीत तर होडी थरथरते, आणि ती थरथर शाफ्टचं बुश आणि गिअरबॉक्स दोन्ही खाते, म्हणून या कामात पैसे वाचवायचे नसतात. बोलता बोलता कळलं की अपघाताच्या आधीपासूनच इंजिन पूर्ण फेऱ्या गाठत नव्हतं, भर दिला की काळा धूर यायचा. म्हणजे पिच मुळातच जास्त होता! दुरुस्तीतच तो एक इंच उतरवून घेतला. खर्च नव्याच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर. ऑगस्टात होडी बाहेर पडली तेव्हा इंजिनाने ठरलेल्या फेऱ्या गाठल्या आणि धूर निवळला. पंखा आपटला नसता तर तो जास्तीचा पिच आणखी किती वर्षं डिझेल पीत राहिला असता कोण जाणे.

किंमत कमी असली म्हणजे पंखा स्वस्त, असं आपण सहज धरून चालतो. महाग असतं ते लावून बघणं. नौदलाला तीस वेळा लावून बघणं परवडलं. ब्रुनेलच्या कंपनीला दोन-तीन वेळा परवडलं, तेही ओढूनताणून. कर्ज काढून होडी घेतलेल्या माणसाला एकदाच परवडतं, आणि तेही चुकलं तर अख्खा हंगाम जातो. त्याच्या वाटचं लावून बघणं कुणीतरी आधीच करून, मोजून, छापून ठेवलं आहे, म्हणून तो तरतो. अट एकच. ते आकडे वाचायचे, आणि आपल्या इंजिनाच्या फेऱ्या मोजायच्या. फेऱ्या मोजायचं यंत्र नव्या पंख्याच्या मानाने अगदीच किरकोळ किमतीत येतं, तरी किती होड्यांवर ते चालू स्थितीत दिसतं?

पुढच्या वेळी बंदरावर गेलात आणि वर ओढलेली होडी दिसली, तर मागे जाऊन वाकून पाहा. शेवाळ थोडं खरवडावं लागेल. त्या दोन आकड्यांत पॅडिंग्टनचा तुटका लाकडी स्क्रू आहे, 'रॅटलर'चे तीसेक पंखे आहेत आणि पार्सन्सचं काचेच्या खिडकीचं भांडंही आहे. नाव मात्र कुणाचंच नाही.